चित्रामागचा आवाज : पिंगुळीची चित्रकथी आणि परशुराम गंगावणे

भारुडाला उभा राहणारा माणूस नाटक कंपनीतला नसतो. दिवसभर तो आपल्यासोबत चालत आलेला असतो, पायाला फोड आलेले असतात. रात्री मुक्कामावर त्याने खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं की तो सासुरवाशीण होतो, हातात काठी धरली की पांगळा होतो, कमरेला घोंगडं गुंडाळलं की जोशी होऊन लोकांचं भविष्य सांगायला लागतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. बापाचं पाहिलं, काकाचं ऐकलं, एक वर्ष मागं उभा राहून धृपद धरलं, दुसऱ्या वर्षी पुढं झाला. इतकीच त्याची शाळा.

या स्मरणिकेत आपल्या दिंडीचे विणेकरी, मृदंगी, चोपदार आणि अन्नदाते यांच्याबद्दल जाणत्या मंडळींनी लिहिलं आहेच. मी एका दूरच्या माणसाबद्दल लिहिणार आहे. तो आपल्या बेशाचा नाही, विदर्भाचाही नाही. पार खाली तळकोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे, तिथला तो. नाव परशुराम विश्राम गंगावणे. या माणसाच्या घराण्यात चित्र काढणारा, कथा रचून सांगणारा, गाणारा आणि सोंग वठवणारा असे वेगवेगळे लोक नव्हतेच. एकच माणूस हे सगळं करायचा. आपल्या भारुडकऱ्याचा तो सख्खा भाऊ शोभेल म्हणून या पुस्तकात त्याला जागा मागतो आहे.

चित्रकथी म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, कारण आपल्या वऱ्हाड-नागपूरकडं हा प्रकार फारसा कोणी पाहिलेला नाही. आपल्याकडं दंडार आहे, खडी गंमत आहे, पलीकडं झाडीपट्टीत रात्र रात्र चालणारी नाटकं आहेत. चित्रकथीत रंगमंच नाही, पडदा नाही, वेशभूषा नाही. देवळात रात्री दिवा लावायचा. समोर एक लाकडी फळी टेकवून ठेवायची. फळीवर एक चित्र. त्या चित्राशेजारी कथेकरी बसतो, सोबत दोघे साथीला. एकाकडं हुडुक, एकाकडं टाळ, आणि सूर धरायला तंतुवाद्य. कथेकरी चित्राकडं हात करून सांगायला लागतो. थोडं गद्य, मग पद, पुन्हा गद्य. राम बोलला की आवाज वेगळा, रावण बोलला की वेगळा, सीता बोलली की सूरच बदलतो. एका चित्राचं सांगून झालं की ते उचलायचं आणि दुसरं लावायचं. रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान असं चित्रा-चित्रानं पुढं सरकत जातं.

एका आख्यानाच्या सगळ्या चित्रांचा जो गठ्ठा, त्याला ते लोक ‘पोथी’ म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी त्याला अल्बम म्हटलं नाही, तसबिरी म्हटलं नाही. पोथी म्हटलं. एका पोथीत तीस, चाळीस, पन्नास चित्रंसुद्धा असतात. हातकागदावर काढलेली, साधारण फूटभर उंचीची. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे कागदाला बळ येतं आणि दोन्ही बाजू कामी येतात. पहिला मान गणपतीचा, मग सरस्वतीचा, मग कथा. आपल्या कीर्तनात नमनाची जी रीत, तीच.

रंग बाजारचे नव्हते. माती, दगड, काजळ, पाला यांतून काढलेले. माणसं एका बाजूनं पाहिलेली, डोळा मात्र मोठा, पुरा. दोन पात्रं बहुतेक एकमेकांकडं तोंड करून उभी, जसं काही आत्ताच एकानं विचारलं आणि दुसरा उत्तर देणार. झाडं आणि महाल अगदी मोजके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे काय, लहान पोरानं काढल्यासारखं. पण त्या चित्राचं काम निराळं आहे. ते भिंतीवर टांगून एकट्यानं पाहण्यासाठी काढलेलंच नाही. दिव्याच्या उजेडात, दहा हातांवर बसलेल्या म्हातारीला कोण कोणाशी बोलून राहिलं ते कळलं पाहिजे, एवढ्यासाठी ते काढलेलं आहे. बाकीचं काम आवाजाचं. चित्र आणि आवाज मिळून ती कथा पुरी होते. एकटं चित्र म्हणजे मृदंग आहे आणि वाजवणारा नाही, अशी गत.

ही कला आजची नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो असं जाणकार सांगतात. म्हणजे माउलींच्याही आधीपासून हे लोक गावोगाव हिंडत असावेत. कळसूत्री बाहुलीला ज्ञानेश्वरीत ‘साइखडें’ असा शब्द आहे. पारायणाला बसणाऱ्यांनी तो ओलांडलेला असेल, अर्थ विचारायचं राहिलं असेल. दोरी ओढणारा दिसत नाही आणि बाहुली नाचते, हा दाखला माउलींनी दिला, कारण ऐकणाऱ्यांनी तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला होता. पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथीच्या जोडीला हाच कळसूत्रीचा खेळही करत आलेले आहेत.

महाराष्ट्रात चित्रकथीच्या दोन परंपरा मानतात. एक पिंगुळीची, दुसरी पैठणची. पैठण म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात. नाथमहाराजांच्या गावाचं नाव या चित्रांना लागलं, कारण त्या भागातून ती मोठ्या संख्येनं मिळाली. आता नाथांचा आणि या चित्रकथ्यांचा थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही. हाती आलेली चित्रं नाथांच्या बऱ्याच नंतरची आहेत. पण नाथांनी भारुडात कोणाकोणाला आणलं ते आठवून पाहा. वासुदेव, जोशी, गोंधळी, पांगुळ. दारोदार हिंडून, सोंग घेऊन, गाऊन पोट भरणारी ही सगळी माणसं. पंडितांच्या सभेत त्यांना जागा नव्हती, नाथांनी त्यांच्याच तोंडून परमार्थ बोलवला. आणि पिंगुळीच्या ठाकरांच्या लोककलांची यादी काढली तर चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, राधानृत्य, गोंधळ, फुगडी यांच्याबरोबर एक नाव येतं ते पांगुळ बैलाचं. म्हणजे नाथांनी ज्यांच्यातून भारुड उचललं, त्याच जातकुळीची ही माणसं.

त्याच काळातले अंबाजोगाईचे दासोपंत. त्यांनी लांबच लांब कापडावर पंचीकरण लिहून काढलं, नुसतं लिहिलं नाही तर आकृत्या काढून समजावलं. ती ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. लोकांना नुसतं सांगून भागत नाही, दाखवावंही लागतं, ही गोष्ट संतांनाही पटलेली होती. असो, मूळ गोष्टीकडं वळतो.

सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांनी पिंगुळीच्या ठाकरांना आश्रय दिला. कोणत्या कुटुंबानं कोणत्या देवळात खेळ करायचा हे नेमून दिलेलं असे, असं सांगतात. उत्सवाला त्या त्या देवळात जायचं, पोथी लावायची, धान्य-दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जायचं. शिवाजीमहाराजांच्या काळात हे लोक हिंडता हिंडता हेरगिरीही करत, अशीही आठवण त्यांच्यात सांगितली जाते. खरं असेल तर नवल नाही. देवळात बसून कथा सांगणाऱ्यावर कोण संशय घेतो!

मग राज्यं गेली. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, सावंतवाडीही झाली. आश्रय गेला तरी कला काही वर्षं चालते, जशी बैल सुटल्यावरही गाडी उतारावर थोडी पुढं जाते. मग सिनेमा आला, रेडिओ आला, पुढं टीव्ही आला. तरुण पोरं कामाला मुंबईला, गोव्याला गेली. देवळात रात्रभर बसायला माणसं मिळेनात. घरातल्या पोथ्या पेटीत गेल्या. कोकणातला पाऊस आपल्यासारखा नाही, चार महिने भिंतीला ओल असते. कागदाचं काय होत असेल ते सांगायला नको.

याच काळात शहरातल्या आणि परदेशातल्या जाणकारांचं लक्ष या चित्रांकडं गेलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठणी चित्रकथींचा मोठा साठा आहे. काही चित्रं आणखी दूर गेली. मी याला वाईट म्हणत नाही. दिनकर केळकरांसारखा वेडा माणूस गावोगाव फिरला नसता तर आज ती चित्रं वाळवीच्या पोटात असती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले यांनीही या कलेला पुन्हा आधार दिला. चित्रं वाचली ती अशा लोकांमुळं.

पण वाचलं ते चित्र. आवाजाचं काय?

याच प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला. काचेच्या कपाटात चित्र ठेवता येतं, खाली चिठ्ठी लावता येते : ‘रामायण प्रसंग, कागद, नैसर्गिक रंग.’ त्या प्रसंगाला कोणतं पद म्हणायचे, राक्षस बोलताना हुडुक कसा वाजायचा, कोणत्या ठिकाणी बायका पदर डोळ्याला लावायच्या, हे त्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. कथेकऱ्याजवळ छापील संहिता नव्हती. त्याची संहिता तोंडपाठ होती, आणि ती दर खेपेला थोडी नवी होत असे. समोर कोण बसलं आहे, रात्र किती झाली, पोरं पेंगायला लागली का, हे पाहून तो संवाद वाढवायचा, एखादा विनोद घालायचा, कुठं आवरतं घ्यायचा. कागदावर एक ओळही न लिहिता तो आयुष्यभर नाटकं रचत होता. त्याला नाटककार म्हणायचं नाही तर कोणाला म्हणायचं? पोथी घरातून गेली की ते नाटकही जातं, कारण चित्र समोर असलं तरच त्याला पुढचं आठवतं. चित्र हीच त्याची वही.

वारली चित्रांचं असंच झालं. डहाणूकडच्या आदिवासी पाड्यांत लग्नात बाया भिंतीवर चौक लिहायच्या आणि धवलेरी गाणी म्हणायची. जिव्या सोमा मशे या माणसानं ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र पिशवीवर, साडीवर, आपल्या नागपूरच्या पुलाखालच्या भिंतीवरही दिसतं. धवलेरीचं गाणं मात्र तुम्ही-आम्ही ऐकलेलं नाही. चित्र बाजारात चालतं, गळ्याला गिऱ्हाईक नसतं.

परशुराम गंगावणे यांचं मोठेपण इथं आहे. ते कोणत्या कलाशाळेत गेले नाहीत. वडील विश्राम यांच्यासोबत फिरता फिरता ते चित्रकथी शिकले, कळसूत्री शिकले, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ शिकले. चामड्याच्या बाहुल्या म्हणजे पांढऱ्या कापडामागं दिवा ठेवायचा आणि बाहुलीची सावली त्या कापडावर नाचवायची. तिथंही तोच प्रकार : एकच माणूस आडून बोलतो, गातो, हलवतो. हे सगळं गावातल्या बाकी घरांतून सुटत चाललेलं असताना त्यांनी ते धरून ठेवलं. धरून ठेवलं हे लिहायला सोपं आहे. पोटाला काही देत नसलेली गोष्ट वर्षानुवर्षं धरून ठेवायची म्हणजे काय, हे ज्यानं कोरडवाहू जमीन विकली नाही त्याला विचारा.

चित्रं जपायला आणि खेळ करायला जागा पाहिजे होती. त्यांनी आपला गुरांचा गोठा रिकामा केला आणि तिथं संग्रहालय मांडलं. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असं त्याचं नाव, २००६ पासून ते उभं आहे. गोठा! जिथं कालपर्यंत गव्हाण होती तिथं जुन्या पोथ्या, लाकडी बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं लागली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गोठा होता. बेशात आज बहुतेकांनी तो पाडून खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या, त्यात चुकीचं काही नाही, मीही तेच केलं असतं. म्हणूनच त्या गोठ्याची किंमत मला जास्त कळते.

आणि संग्रहालयाचं नाव त्यांनी ‘आंगण’ ठेवलं, हेही बरोबर जुळलं. आंगणात माणसं येतात, बसतात. तिथं वस्तू पाहून निघून जायचं नसतं, खेळ ऐकायचा असतो. शाळेची पोरं येतात, बाहेरगावचे अभ्यासक येतात, त्यांच्यापुढं चित्र फळीवर लागतं आणि हुडुक वाजतो. बाहुल्यांच्या खेळात त्यांनी नवे विषयही घेतले, आरोग्याचे, स्वच्छतेचे. काही जुन्या लोकांना हे रुचत नाही. देवादिकांच्या बाहुल्या आणि त्यांच्या तोंडी संडासाच्या गोष्टी, असं नाक मुरडणारे असतातच. पण गाडगेबाबांच्या विदर्भात तरी ही तक्रार कोणी करू नये. हातात झाडू आणि तोंडी देवकीनंदन गोपाला, हे आपल्याच मातीतलं आहे.

२०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात आली. त्याच वर्षीच्या पद्मश्रीच्या यादीत आपल्या वर्धेच्या मातीतल्या सिंधुताई सपकाळ होत्या आणि वाशिमचे लेखक नामदेव कांबळे होते. आपल्या वर्तमानपत्रांनी साहजिकच या दोघांचे फोटो मोठे छापले. कोकणातल्या त्या पागोटेवाल्या पाहुण्याचं नाव आमच्यापैकी बहुतेकांनी तेव्हा वाचून सोडून दिलं. पुढं दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. नाव एकच, परशुराम. एक महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, एक अगदी दक्षिण-पश्चिमेच्या. एकाचं नाटक हजारो माणसांच्या मंडपात धानकापणीनंतर रात्रभर चालतं, दुसऱ्याचं एका दिव्याच्या उजेडात मावतं. दोघंही कलेच्या शाळेत गेले नाहीत. सरकारच्या लक्षात यायला दोघांनाही केस पांढरे होईपर्यंत थांबावं लागलं.

आता आपल्या दिंडीकडं थोडं वळतो. शंभर वर्षांचे फोटो या पुस्तकात आलेत, जुने तर फारच सुंदर आलेत. एका फोटोत एक जण डोक्यावर पदर घेऊन उभा आहे, बाजूचे सगळे हसत आहेत. तो कोणतं भारुड म्हणत होता, त्याची चाल कोणती होती, मधे त्यानं पदरचं काय घातलं होतं की सगळे असे पोट धरून हसले, हे सांगणारं आज कोणी उरलं नाही. शब्द नाथांच्या गाथेत मिळतील. चाल आणि पदरचं मिळणार नाही. आजही आपल्यात दोघं-तिघं असे आहेत ज्यांच्याजवळ जुन्या चाली आहेत. त्यांचं वय मी लिहीत नाही, वाचून ते रागावतील. पोट्टे मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढतात, दोन मिनिटांचा, आणि पुढं पाठवून देतात. त्यांच्या मागं उभं राहून धृपद धरणारा मात्र यंदा एकच पोरगा होता.

पिंगुळीत गंगावणे यांची मुलंही याच कलेत उतरली आहेत, चित्रंही काढतात आणि खेळही करतात. म्हणजे फळीच्या शेजारची जागा तूर्त तरी रिकामी पडलेली नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी : कुडाळ हे कोकण रेल्वेवरचं स्थानक. तिथून पिंगुळी अगदी जवळ, मुंबई-गोवा रस्त्यालगत. रिक्षावाल्याला ‘ठाकर कला आंगण’ म्हटलं की तो नेतो. गावातच राऊळ महाराजांचा मठ आहे, दर्शनही होईल. पावसाळ्यात जाऊ नका, आषाढीला तर आपल्याला सवडच नसते. कार्तिकी झाली की जा, आणि जाण्याआधी फोन करून खेळ कधी आहे ते विचारून घ्या. नुसती चित्रं पाहून परत येऊ नका.